ओलं वजन

कफ परेडच्या मच्छीमार नगरात गुणवंतीच्या अंगठ्याला मान होता. वलांडीवर, म्हणजे बांबूंना दोऱ्या बांधून केलेल्या मांडवावर, सुकत घातलेला बोंबील ती पोटाशी एकदाच दाबायची. खड्डा तसाच राहिला की म्हणायची, "ओला हाय." मग समोर नाखवा असो की माल उचलायला आलेला व्यापारी, पुढं बोलणं संपलं. ओल्या मालाला वजन येतं, पण ते पाण्याचं. गोणीत चार दिवस पडला की आतून किडतो. असा माल विकणाऱ्यांची तिला किळस होती. "पाणी इकून खातात मेले," असं ती तोंडावर बोलायची आणि कुणी तिच्या नादाला लागत नसे.

म्हणून परळच्या इस्पितळात नर्स जेव्हा म्हणाली, "आजी, बाळाचे वाळे काढा, करदोडाही काढा, नाहीतर वजन खोटं येतं," तेव्हा गुणवंतीचं डोकं फिरलं. खोटं वजन? आमच्या घरात? पण तिनं मुकाट वाळे काढले. आधीच सकाळपासून तिचा जीव अर्धा झाला होता. घरून निघताना दोघी सासूसुना साबण लावून लावून न्हाल्या होत्या, ठेवणीतली लुगडी-साड्या काढल्या होत्या. तरी बाकावर बसल्याबरोबर शेजारच्या बाईनं नाकाला रुमाल लावला आणि हळूच पलीकडे सरकली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, गुणवंतीनं उत्तर तरी दिलं असतं.

सहा महिन्यांची क्षितिजा काट्यावर उघडी पडून छताकडे बघत होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. श्वास मात्र असा भराभरा, जणू आत्ता कुठून तरी पळत आली आहे. काटा सव्वाचार किलोवर थांबला.

डॉक्टर विजयकरबाई वयस्क, सडपातळ, बोलायला सावकाश. त्यांनी क्षितिजाच्या आईला, शेफालीला, खुर्चीवर बसवलं आणि बापाला, दीपेशला, जवळ बोलावलं.

"आईच्या पोटात असताना बाळाला एक नळी लागते, हृदयाच्या वर. जन्मल्यावर ती आपली आपण मिटते. हिची मिटली नाही. आणि हिची आखूड आणि रुंद आहे, अशी फार क्वचित दिसते. नको तेवढं रक्त फुप्फुसांत घुसतंय. म्हणून दूध पिताना घाम येतो, म्हणून दमते."

"छाती कापणार?" दीपेशनं विचारलं.

"नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची आणि तिच्यातून तारेच्या जाळीचं बूच तिथं नेऊन बसवायचं."

"होडीला भोक पडलं की मारतो तसं?"

"तसंच समजा. पण हिला बूच मोठं लागणार आणि शिरा आहेत दोऱ्याएवढ्या. पाच किलो होऊ दे. मात्र फार थांबताही येणार नाही. फुप्फुसांवर असाच दाब राहिला तर ती घट्ट होऊन बसतात. मग बूच लावून उपयोग नसतो."

मग त्यांनी एक बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ द्यायची, लघवी जास्त होईल, घाबरायचं नाही, अंगात पाणी साचू नये म्हणून आहे, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. शेफालीनं मान हलवली. गुणवंती तेव्हा खाली वाकून नातीच्या पायात वाळे चढवत होती आणि मनातल्या मनात त्या नर्सला उत्तर देत होती. तिच्या कानात राहिलं होतं ते आधीचंच, पाच किलो आणि फार थांबता येणार नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दीपेश राजाराम नाखव्याच्या बोटीवर गेला. बोंबलाचा हंगाम होता, जाळं भरून येत होतं, घरी बसून चालणार नव्हतं. शेफाली पहाटे ससून डॉकला जायची, म्हावरा घेऊन पाटी डोक्यावर चढवायची आणि कफ परेडच्या इमारतींत दारोदार फिरून दुपारी परतायची. तिथं तिला लिफ्टमध्ये घेत नसत, मागच्या जिन्यानं चढावं लागे. आली की चार घास खाऊन वलांडीवर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि दोरीवर टाकायचे, अडकवायचे नि टाकायचे, दातांनी बोटं सोलवटून निघेपर्यंत. गुणवंतीचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. कावळे हाकायचे, माल राखायचा आणि पोर सांभाळायची हे तिच्या वाट्याला. औषधही तिनंच द्यायचं, हे कुणी न सांगता ठरलं.

दाराच्या आढ्याला तिचा काटा टांगलेला होता, गाठोडी वजन करायचा, हुकाचा. तिनं जुन्या लुगड्याची झोळी केली, क्षितिजाला तिच्यात घातलं आणि हुकाला अडकवलं. पोर डोळे मोठे करून झुलायला लागली.

"बघ गो, कशी राणीसारखी बसली," शेजारची नलू म्हणाली.

"राणीला पाच किलो व्हायचं हाय," गुणवंती म्हणाली.

तेव्हापासून रोजचंच झालं. आणि रोज वजन करणाऱ्याला जे दिसायचं ते तिला दिसलं. औषध दिलं की पोर मुतते, दुपटी भिजवून टाकते आणि काटा खाली येतो. पुन्हा पाजावं, थेंब थेंब करून, मध्ये दम खायला थांबवत, घाम पुसत. काटा जरा वर चढतो. की पुन्हा औषधाची वेळ. आई बिचारी डॉकवरनं धावत येऊन पाजते, आणि या चमच्यानं सगळं मोरीत जातं. असं कुठं वजन वाढतं का?

गुणवंतीला घाबरायला झालं. बाईंचं ते बोलणं तिला आठवत होतं, फार थांबता येणार नाही. रात्री पोरीचा श्वास ऐकत ती पडून राहायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं अर्धाच चमचा दिला. सकाळी काटा खाली आला नव्हता. मग तिनं सकाळचा चमचा भरला, क्षितिजाच्या तोंडापाशी नेला आणि तसाच फिरवून मोरीत उपडा केला. बाटली कमी होत राहायला हवी होती, नाहीतर शेफालीनं विचारलं असतं. वर तांब्याभर पाणीही ओतलं. म्हणजे आपण करतोय ते सांगण्यासारखं नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी केलं. नातीसाठी केलं.

आणि काटा चढायला लागला.

त्याच आठवड्यात आभाळ आलं. मार्गशीर्षात येऊ नये ते आलं आणि बसून राहिलं. पाऊस पडेना, ऊन पडेना. वारा मेला. समोरच्या उंच इमारतींचे वरचे मजले ढगांत गेले. दोऱ्यांवर बोंबील लटकत होते, मऊ, पांढुरके, आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ दव लागत होतं. ताडपत्री घालावी तर आत उबट होतं, काढावी तर वरून ओल उतरते. गुणवंती लंगडत रांगारांगांतून फिरायची, एकेक दाबून बघायची. अंगठा रुतायचा आणि खड्डा राहायचा. तिनं एक जुडी उचलली, हाताला जड लागली, तशी तिनं ती थू करून मातीत टाकली.

"सगळा माल जाणार," शेफाली म्हणाली.

"जाऊ दे. पोरगी वाढतेय ते बघ."

वाढत तर होती. गालांना गोलाई आली, पोट टरारलं, मनगटाला वळी पडली. बायका थांबून बघू लागल्या. नलूनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पायातले वाळे घट्ट झाले तेव्हा गुणवंतीनं ते शेफालीला मुद्दाम दाखवलं. "अंग धरलंय पोरीनं," ती म्हणाली. तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी हसू होतं.

शेफाली हसली नाही. पोर तिच्या छातीशी होती. चार घोट घेऊन तिनं तोंड सोडलं होतं आणि डोळे मिटले होते. डोळ्यांच्या पापण्या सकाळी सुजल्यासारख्या दिसत, दुपारी उतरत, म्हणून शेफालीला वाटे झोप जास्त झाली. पण रडतही नव्हती. आधी भुकेनं किंचाळायची ती पोर आता नुसतं कण्हत होती.

"आई, दूध तर निम्मं टाकते. मग वजन येतं कुठनं?"

गुणवंतीनं पोरीचं दुपटं सारखं केलं.

"तुझी नजर लागंल. आई हायस का कोण? काटा काय खोटं बोलतो?"

"औषध देताय ना?"

"बाटली बघ की."

शेफालीनं बाटली उजेडात धरली. औषध कमी झालं होतं. तिनं बाटली परत फळीवर ठेवली आणि पाटी धुवायला बसली. सासूवर तिचा विश्वास होता. लग्न होऊन आल्यापासून या बाईला तिनं कधी वजनात फसवताना पाहिलं नव्हतं.

आभाळामुळं नाखव्यानं बोट लवकर आणली. दीपेश आला तो खारट, दाढी वाढलेला. क्षितिजाला त्यानं उचललं, हातांवर तोललं. मग म्हणाला, "आये, जड लागते गो." त्याचे डोळे भरले. गुणवंतीनं झोळी आणली, काट्याला अडकवली. काटा थरथरला आणि पाचाच्या पुढं जाऊन थांबला.

"उद्याच जाऊया," गुणवंती म्हणाली.

परळला पोचेपर्यंत टॅक्सीत पोर निळसर पडली होती. ओठांभोवती, नखांशी. दीपेश म्हणाला गारठा आहे, आणि शेफालीनं पदर तिच्याभोवती घट्ट आवळला. बाक तोच होता. यावेळी कुणी सरकलं का नाही, याकडे गुणवंतीचं लक्षच नव्हतं. ती काट्याकडे बघत होती. नर्सनं वाळे काढायला हात घातला. निघेनात. तेल लावलं, पाणी लावलं. शेवटी कात्रीसारखं काहीतरी आणून कापावे लागले. चांदी बाजूला झाली तेव्हा घोट्याभोवती खोल वळ दिसला, आणि तो वळ पुसला जाईना.

"पाचच्या वर," नर्स म्हणाली. मग तिनं मागचा आकडा बघितला. "एवढ्यात?" असं म्हणून ती आत गेली ती थेट विजयकरबाईंनाच घेऊन आली.

बाईंनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी क्षितिजाचा पाय हातात घेतला आणि नडगीवर अंगठा ठेवला. दाबला. उचलला.

खड्डा राहिला.

गुणवंती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं तो पाहिला. आयुष्यभर तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. बाईंनी तोंड उघडायच्या आधी तिला सगळं कळलं. तिनं भिंत धरली.

"हे वाढलेलं वजन नाही," बाई म्हणाल्या. "पाणी साचलंय. अंगात, फुप्फुसांत. औषध देत होता ना? दोन्ही वेळा?"

"हो," शेफाली म्हणाली. "आई देतात. बाटली अर्धी झालीय."

बाईंनी क्षितिजाचा पाय अलगद खाली ठेवला. मग दीपेशकडे वळून म्हणाल्या, "औषध घेऊनही एवढं पाणी साचलं असेल, तर हृदय आता आवरत नाहीये असं धरावं लागेल. मग बूच लावायला नेणं म्हणजे टेबलावरच बाळ गमावणं. तो विचार मला सोडून द्यावा लागेल."

"मग काय करायचं?" दीपेशनं विचारलं.

बाई क्षितिजाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकू लागल्या.

गुणवंतीला वाटलं, आत्ता गप्प राहिलं तर कुणाला कळणार नाही. बाटली साक्षीला आहे. सून साक्षीला आहे. घरात मान राहील, मच्छीमार नगरात मान राहील. एवढंच तिला एका श्वासापुरतं वाटलं, आणि त्याची तिला नंतर मरेपर्यंत लाज वाटायची होती.

"मी नाय दिलं," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. तिनं भिंत सोडली आणि पुन्हा बोलली.

"औषध मी नाय दिलं, बाई. मोरीत ओतलं. दिलं की वजन उतरायचं. मला वाटलं, पाच किलो कवा होणार? तिचं हृदय नाय हरलं. माझी अक्कल हरली. तुम्ही तिला सोडू नका."

दीपेश आईकडे बघतच राहिला. शेफालीनं बघितलंही नाही. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि विजयकरबाईंना एवढंच म्हणाली, "मग आता दिलं तर होईल?"

"बघू," बाई म्हणाल्या. त्या गुणवंतीला रागावल्या नाहीत. रागावायला त्यांना वेळ नव्हता, त्या नर्सला हाका मारत होत्या.

अतिदक्षता विभागात क्षितिजाला नळ्या लावल्या. शिरेतून औषध, नाकाला प्राणवायू. पाणी उतरायला लागलं. दिवसातून एकदा काचेतून बघायला मिळे. गाल गेले, मनगटाची वळी गेली, डोळे पुन्हा मोठे झाले. रोज ती थोडी लहान होत होती आणि नर्स म्हणायची, चांगलं आहे. शेवटी उरली ती मागच्या वेळेपेक्षाही हलकी. हे तिचं खरं वजन. हे काट्यानं कधीच दाखवलं नव्हतं.

विजयकरबाईंनी दोघा नवराबायकोंना बोलावलं. गुणवंती दारात उभी राहिली, आत या असं कुणी म्हणालं नाही.

"पाच किलोची वाट आता बघता येणार नाही. फुप्फुसांतला दाब चढलाय. आहे त्या वजनात करावं लागेल. शिरेला इजा होऊ शकते, बूच निसटू शकतं. मी तुमच्यापासून काही लपवत नाही."

"करा," शेफाली म्हणाली. दीपेशनं नुसती मान हलवली.

सकाळी पोरीला आत नेलं. दार लागलं आणि वरचा दिवा पेटला. तिघं बाकावर बसली. दीपेशला बसवेना, तो जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. मग बाकावर दोघीच उरल्या. गुणवंतीला सुनेच्या हाताला हात लावायचा होता. एवढंच. तिनं हात पुढं केला.

शेफाली सरकली. काही न बोलता, हळूच, पलीकडच्या टोकाला.

गुणवंतीनं हात मांडीवर परत घेतला. खिडकीबाहेर परळचं आभाळ तसंच होतं, ओलं आणि राखाडी, आणि तिला घरच्या वलांडीची आठवण आली. माल सडला असणार. नलूनं निरोप पाठवला होता की वास सुटलाय, समुद्रात टाकावा लागेल. तिला त्याचं काही वाटलं नाही. सगळा सडो, ती मनात म्हणाली. या वर्षीचा, पुढच्या वर्षीचा, सगळा. पण ते बूच बसू दे.

दुपार टळून गेली तेव्हा दार उघडलं. विजयकरबाईंच्या डोक्यावर हिरवी टोपी होती आणि चेहरा थकलेला.

"बसलंय," त्या म्हणाल्या. "एकदा निसटलं होतं, पुन्हा ओढून बसवलं. आता धरलंय. पायाचं रक्त खेळतंय का ते आज रात्रभर बघू."

दीपेश भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. शेफालीनं विचारलं, "म्हणजे आता बरी?"

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. "नळी बंद झाली. दाब मात्र जेवढा उतरायला हवा होता तेवढा उतरला नाही. फुप्फुसांनी किती दिवस सोसलंय ते त्यांनाच ठाऊक. कदाचित उतरेल, कदाचित नाही. काही महिन्यांनी पुन्हा आत नळी घालून बघू, तेव्हा कळेल. तोवर औषधं, एकही वेळ न चुकता." तिघांकडे बघून त्यांनी विचारलं, "घरी औषध कोण देणार?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं त्यांनी. पण दीपेशनं आईकडे बघितलं.

"मी," शेफाली म्हणाली. "मी घरी राहीन. डॉकला आई जातील."

गुणवंतीनं मान हलवली. तिच्या गुडघ्यांचा विषय कुणी काढला नाही, तिनंही नाही.

क्षितिजा घरी आली. आढ्याचा काटा शेफालीनं काढून नलूला देऊन टाकला. गुणवंती पहाटे उठून डॉकला जाऊ लागली. मागच्या जिन्यानं एकेक मजला चढताना ती कठडा धरून थांबायची, पाटी डोक्यावर तशीच, आणि वर कुणी दार उघडलं की हसून म्हावऱ्याचा भाव सांगायची. दुपारी घरी आली की उंबऱ्याबाहेर पाय धुवायची. आत शेफाली चमचा भरत असली, तर ती तोंड फिरवून उभी राहायची.

आभाळ उघडलं. नवा माल वलांडीवर चढला, कडक ऊन खाऊन पिवळा पडला. एके दिवशी व्यापारी आला आणि त्यानं सवयीनं एक जुडी तिच्यापुढं धरली.

"गुणवंतीबाय, जरा दाबून सांगा. सुकलेत?"

ती उभी होती तशीच राहिली. घरात पोर जागी झाली होती. रडत नव्हती, तिचा श्वास तेवढा बाहेरपर्यंत ऐकू येत होता, भराभर, पहिल्यासारखाच का त्याहून जरा संथ, हे गुणवंतीला काही केल्या ठरवता येईना. व्यापाऱ्यानं पुन्हा विचारलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"दुसऱ्या कुणाला इचार," ती म्हणाली. "मला नाय कळत."